स्लाइडमधील अ‍ॅनिमेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात मी शिक्षकांना संगणक शिकवते. वर्ग संपला तरी प्रश्न संपत नाहीत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या शाळांतले सर आणि टीचर विचारतात, कॉलेजातली मुले सेमिनारच्या आदल्या रात्री विचारतात, देवस्थानाच्या उत्सवासाठी स्लाइड करणारेही विचारतात. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. मेनूची नावे पॉवरपॉइंटमधली आहेत. दुसरा प्रोग्राम वापरत असाल तर आधी प्रश्न १४ वाचा.

१. अ‍ॅनिमेशन आणि ट्रान्झिशन एकच ना?

नाही. एक स्लाइड जाऊन दुसरी येताना जे घडते ते ट्रान्झिशन. एकाच स्लाइडच्या आत एखादे चित्र, ओळ किंवा बाण येतो, हलतो, जातो, ते अ‍ॅनिमेशन. दोघांचे टॅबही वेगळे आहेत. ‘ट्रान्झिशन काढले तरी अक्षरे उडतातच’ अशी तक्रार ज्यांची असते, ते चुकीच्या टॅबमध्ये शोधत असतात.

२. अ‍ॅनिमेशन लावायलाच हवे का? परीक्षक म्हणतात स्लाइड ‘साधी’ वाटते.

लावायलाच हवे असे मुळीच नाही. माझ्या मते अ‍ॅनिमेशनचे खरे काम एकच: तुम्ही ज्याबद्दल बोलत आहात ते, त्याच क्षणी, समोरच्याला दिसावे. सगळे आधीच पडद्यावर असेल तर मुले पुढचे वाचत बसतात आणि तुमचे बोलणे मागे पडते. उलट प्रत्येक ओळ गिरक्या घेत आली तर मुले गिरक्याच बघतात.

रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शब्द आणि चित्रे मिळून आपण कसे शिकतो यावर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांच्या दोन तत्त्वांचा आपल्याला थेट उपयोग आहे. अनावश्यक सजावट काढली की शिकणे सुधारते, आणि अवघड गोष्ट तुकड्यातुकड्यांनी, शिकणाऱ्याच्या वेगाने आली तर नीट समजते. अ‍ॅनिमेशन हे दुसरे काम फार छान करते आणि पहिले फार सहज बिघडवते. म्हणून लावण्याआधी स्वतःला विचारा: ही गोष्ट आत्ता न दिसता नंतर दिसल्याने समोरच्याला काही मिळणार आहे का? नसेल तर स्लाइड साधीच राहू दे. परीक्षकांनाही तसे ठामपणे सांगा.

३. यादीत एवढे हिरवे, पिवळे, लाल तारे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

हिरवे म्हणजे ‘एन्ट्रन्स’, वस्तू पडद्यावर येते. पिवळे म्हणजे ‘एम्फसिस’, आधीच असलेली वस्तू फिरते, मोठी होते किंवा रंग बदलते. लाल म्हणजे ‘एक्झिट’, वस्तू जाते. चौथा प्रकार ‘मोशन पाथ’, त्यात वस्तू आखलेल्या रेषेवरून सरकते. रोजच्या शिकवण्यात दहापैकी नऊ वेळा ‘अपिअर’, ‘फेड’ आणि ‘वाइप’ एवढे तीन पुरतात. बाण, नदी, रस्ता, आलेखाची रेषा, ज्याला दिशा आहे त्याला ‘वाइप’ द्यावा आणि ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये ती दिशा बरोबर निवडावी. मांडवी दाखवताना निळी रेषा समुद्राकडून घाटाकडे धावली, तर पाचवीतले पोरही हात वर करते.

४. ‘ऑन क्लिक’, ‘विथ प्रीव्हियस’, ‘आफ्टर प्रीव्हियस’ यांत नेहमी गोंधळ होतो.

‘ऑन क्लिक’ म्हणजे तुम्ही बटण दाबाल तेव्हा. ‘विथ प्रीव्हियस’ म्हणजे यादीत वरच्या ओळीला जे आहे त्याच्या बरोबरीने. ‘आफ्टर प्रीव्हियस’ म्हणजे वरचे संपल्यावर आपोआप. आरतीला टाळ आणि घंटा एकदमच सुरू होतात, ते ‘विथ’. आरती संपल्यावर प्रसाद, ते ‘आफ्टर’.

हे समजायला ‘अ‍ॅनिमेशन पेन’, म्हणजे स्लाइडशेजारी उघडणारी अ‍ॅनिमेशनची यादी, उघडून ठेवावे लागते. त्याशिवाय काम करणे म्हणजे अंधारात गाठ सोडवणे. पेनमध्ये वरून खाली क्रम दिसतो, ओळ ओढून क्रम बदलता येतो. स्लाइडवर वस्तूच्या शेजारी १, २, ३ असे छोटे आकडे येतात, ते क्लिकचे. पहिल्या क्लिकच्या आधीच आपोआप होणाऱ्या गोष्टीजवळ ० येतो.

५. मुद्दे एकेक करून यायला हवेत, पण सगळे एकदम येतात.

मजकुराची चौकट निवडा, ‘अपिअर’ किंवा ‘फेड’ द्या आणि ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये ‘बाय पॅराग्राफ’ निवडा. तरीही एकदम येत असतील तर बहुतेक वेळा मुद्दे एंटर दाबून नव्हे, तर शिफ्ट आणि एंटर दाबून खाली नेलेले असतात. मग प्रोग्रामच्या लेखी तो एकच परिच्छेद असतो.

बोलून झालेला मुद्दा फिका करायचा असेल तर पेनमधल्या ओळीवर दोनदा क्लिक करा आणि ‘आफ्टर अ‍ॅनिमेशन’मध्ये करडा रंग निवडा. पुढचा मुद्दा आला की मागचा आपोआप करडा होतो. मला ही सोय मनापासून आवडते. कुठल्या मुद्द्यावर चाललो आहोत हे शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळते.

६. मराठी मजकूर एकेक अक्षराने यावा असे केले तर काना-मात्रा वेगळ्याच उडत येतात!

हा दोष बहुधा फॉन्टचा असतो. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची संगणकाची एकच पद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये काना, वेलांटी, मात्रा ही संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षरेच असतात. ‘बाय लेटर’ निवडले की ‘शाळा’मधला काना ‘श’च्या मागून एकटा येतो. मजकूर युनिकोडमध्ये आणा, विंडोजबरोबर येणारे मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट त्यासाठी आहेत. आणि खरे सांगायचे तर मराठीला ‘बाय लेटर’ देऊच नका. आपण शब्द डोळ्याने एकगठ्ठा वाचतो. अगदीच हवे असेल तर ‘बाय वर्ड’ घ्या, तेही फक्त शीर्षकाला.

७. वेळ किती ठेवावी?

अर्धा सेकंद. ‘ड्युरेशन’ ०.५० ठेवले की डोळ्याला हालचाल कळते आणि खोळंबा होत नाही. पाणी भरणे, ग्रह फिरणे अशी खरी प्रक्रिया दाखवायची असेल तिथे दोन-तीन सेकंद चालतील. ‘डिले’ म्हणजे सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ. त्याची एक चांगली वापराची जागा प्रश्न १० मध्ये आहे.

८. टाळ्यांचा किंवा काच फुटल्याचा आवाज जोडू का?

नको.

९. एका चित्राला दुसरे अ‍ॅनिमेशन दिले की पहिले गायब होते. का?

कारण वरच्या पट्टीतून थेट इफेक्ट निवडला की तो जुन्याची जागा घेतो. जुने ठेवून नवे जोडायचे असेल तर ‘अ‍ॅड अ‍ॅनिमेशन’ हे वेगळे बटण आहे. आधी येणे, मग मोठे होणे, मग जाणे, असे तीन टप्पे असतील तर पहिला कसाही द्या, पुढचे दोन ‘अ‍ॅड अ‍ॅनिमेशन’मधूनच.

एका वस्तूला केलेली सगळी मेहनत दुसऱ्या वस्तूवर उचलून ठेवायची असेल तर ‘अ‍ॅनिमेशन पेंटर’ वापरा. तो २०१० च्या आवृत्तीपासून आहे. त्यावर दोनदा क्लिक केले तर एकामागून एक अनेक वस्तूंना लावता येते. एस्केप दाबले की थांबतो.

१०. दार उघडताना दाखवायचे आहे, पण ‘स्पिन’ दिला की दार पंख्यासारखे मधोमध फिरते.

हा प्रश्न मला पहिल्यांदा तिसवाडीतल्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारला. त्यांना खाजन शेतीतली, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून केलेल्या शेतीतली, मानस दाखवायची होती. मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी दार. भरती आली की नदीचे खारे पाणी त्याला ढकलून बंद करते आणि शेत वाचते. ओहोटी लागली की आतले साठलेले पाणी ते उघडून बाहेर जाते. माणसाने हातही लावायचा नाही, सगळे पाण्याचे पाणीच करते. शहरातल्या मुलांनी ती पाहिलेली नसते आणि नुसते शब्दांत सांगून ते दार डोळ्यांपुढे येत नाही. अ‍ॅनिमेशन कशासाठी असते हे मला विचाराल तर यासाठी.

अडचण अशी की ‘स्पिन’ वस्तूच्या मध्याभोवतीच फिरवतो, बिजागरी कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. मग मध्यच बिजागरीवर न्यायचा. दाराचा आयत काढा. कंट्रोल आणि डी दाबून त्याची प्रत करा. ती प्रत बिजागरीच्या दुसऱ्या बाजूला, दाराला चिकटून सरळ रेषेत ठेवा, म्हणजे दोन्ही मिळून दुप्पट लांबीची फळी होईल आणि बिजागरी बरोबर मध्यावर येईल. आता प्रतीला ‘नो फिल’ आणि ‘नो आउटलाइन’ द्या. ती दिसणार नाही, पण जागा अडवून राहील. दोन्ही निवडून कंट्रोल आणि जी दाबून गट करा. या गटाला ‘स्पिन’ द्या. पेनमधून ‘इफेक्ट ऑप्शन्स’ उघडून ‘अमाउंट’च्या ‘कस्टम’मध्ये ४० लिहा आणि एंटर दाबा. एंटर विसरलात तर आकडा बसत नाही, इथेच बरेच जण अडकतात. शेवटी दिशा निवडा.

पाण्यासाठी नदीच्या बाजूने बांधाकडे येणारे निळे बाण काढा आणि त्यांना ‘वाइप’ द्या, दोन सेकंद. दाराचा ‘स्पिन’ ‘विथ प्रीव्हियस’ ठेवून त्याला एक सेकंदाचा ‘डिले’ द्या. आधी पाणी येते आणि मग दार मिटते, हा एका सेकंदाचा फरक फार मोलाचा आहे, कारण कोणामुळे काय झाले ते त्यातूनच कळते. ओहोटीसाठी पुढच्या क्लिकला ते बाण ‘एक्झिट’ने घालवा, उलट दिशेचे बाण आणा आणि दाराला ‘अ‍ॅड अ‍ॅनिमेशन’मधून दुसरा ‘स्पिन’ द्या, तेवढाच ४० अंश, पण उलट. घड्याळाचे काटे, रेल्वे फाटक, दोन्हींना हीच युक्ती चालते.

त्या बाईंनी नंतर कळवले की भरतीच्या क्लिकनंतर त्या मुद्दाम गप्प राहिल्या, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, आता भातात पाणी येणार नाही!’

११. आलेखाचे खांब एकेक करून आणता येतात का?

येतात. आलेखाला ‘वाइप’, दिशा खालून, आणि ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये ‘बाय कॅटेगरी’. महिनावार पावसाचा आलेख असेल तर जूननंतर थांबा, ‘जुलैचा खांब कुठपर्यंत जाईल?’ असे मुलांना विचारा आणि मगच क्लिक करा. दोन वर्षांची तुलना असेल तर ‘बाय सिरीज’, म्हणजे आधी एका वर्षाचे सगळे खांब, मग दुसऱ्याचे. पेनमध्ये आलेखाची ओळ उलगडून पार्श्वभूमीची, म्हणजे अक्षांची, पहिली पायरी काढून टाका. अक्ष आधीपासून दिसलेले बरे.

१२. नकाशा मोठा होत होत एका तालुक्यावर जातो, तसे कसे करतात?

ते बहुतेक ‘मॉर्फ’ असते आणि ते ट्रान्झिशन आहे, अ‍ॅनिमेशन नव्हे (प्रश्न १). संपूर्ण गोव्याचा नकाशा असलेली स्लाइड घ्या, तिची प्रत करा, प्रतीमध्ये नकाशा वाढवून तिसवाडी मध्यभागी आणा, आणि दुसऱ्या स्लाइडला ‘मॉर्फ’ द्या. मधला प्रवास प्रोग्राम स्वतः भरतो. दिवाडी आणि चोडण ही बेटे कुठे आहेत हे दाखवायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

दोन अटी आहेत. ‘मॉर्फ’ २०१९ च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, जुन्या आवृत्तीत त्याऐवजी साधा ‘फेड’ दिसतो. दुसरी अट अशी की दोन्ही स्लाइडवर तीच वस्तू आहे हे प्रोग्रामला ओळखता आले पाहिजे. चौकोनाचा गोल व्हायचा असेल किंवा चुकीच्या जोड्या लागत असतील, तर ‘सिलेक्शन पेन’, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंच्या नावांची यादी, उघडून (ऑल्ट आणि एफ१०) दोन्हीकडे वस्तूला एकच नाव द्या आणि नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हे लावा, जसे ‘!!दिवाडी’.

१३. मुलाने ज्या चित्रावर क्लिक केले त्याचेच नाव यावे, क्रम ठरलेला नसावा. जमेल?

जमेल, त्याला ‘ट्रिगर’ म्हणतात. चतुर्थीच्या आधी माटोळीवरचा (गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या सजावटीवरचा) एक तास मी असाच करते. स्लाइडवर आंबाडे, चिबूड, कांगले, सुपारीचे शिपटे अशी चित्रे, आणि प्रत्येकाखाली नावाची पट्टी. प्रत्येक पट्टीला ‘अपिअर’ द्या, मग ‘ट्रिगर’मध्ये ‘ऑन क्लिक ऑफ’ निवडून त्या त्या चित्राचे नाव घ्या. तिथे ‘पिक्चर ७’, ‘पिक्चर १२’ अशी यादी आली की डोके फिरते, म्हणून आधीच ‘सिलेक्शन पेन’मध्ये चित्रांना खरी नावे द्या.

एक सावधगिरी: क्लिक चित्राच्या बाहेर पडला तर पुढची स्लाइड येते. त्या स्लाइडपुरते ‘ट्रान्झिशन्स’ टॅबमधले ‘ऑन माउस क्लिक’ बंद करा आणि पुढे जायला बाण-कळ वापरा. माटोळीतल्या रानफळांची नावे आता घरातल्या मोठ्यांनाही पटकन आठवत नाहीत. सातवीतल्या मुलीने घरी जाऊन आजीला कांगले ओळखायला सांगितले, असे काही घडले की या खटपटीचे चीज होते.

१४. घरी सगळे नीट चालले, शाळेच्या हॉलमध्ये मात्र अ‍ॅनिमेशन गेले. काय झाले असेल?

बहुधा तिथे वेगळा प्रोग्राम किंवा जुनी आवृत्ती होती. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये चारही प्रकार आहेत आणि साधे इफेक्ट सहसा नीट येतात, पण बारीक वेळा आणि ‘ट्रिगर’ एकदा चालवून तपासावेच लागतात. गूगल स्लाइड्समध्ये निवड फार मर्यादित आहे: येणे, जाणे, फिरणे. ‘मोशन पाथ’ तिथे नाही, त्यामुळे फाइल तिकडे चढवली की तो निघून जातो. फॉन्टसाठी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ भागात ‘एम्बेड फॉन्ट्स’वर खूण करा, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो.

माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा समोर दीडशे पालक होते. ‘मॉर्फ’वर रचलेला सगळा भाग सपाट झाला होता आणि मला पंधरा मिनिटांचे बोलणे हातवाऱ्यांनी करावे लागले. तेव्हापासून परक्या जागी जाताना मी दोन फाइली नेते: मूळ फाइल आणि तिचा व्हिडिओ. ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’ केले की अ‍ॅनिमेशनसकट एमपी४ तयार होते. वेळ ठरवली नसेल तर प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद धरले जातात, म्हणून आधी ‘रिहर्स टायमिंग्ज’ करून घ्या. ‘ट्रिगर’ व्हिडिओत चालत नाहीत, हे लक्षात असू द्या.

१५. पीडीएफ केली किंवा कागदावर छापली की चित्रे एकमेकांवर चढलेली दिसतात.

पीडीएफमध्ये आणि कागदावर काळ नसतो. स्लाइडवर जे जे ठेवले आहे ते सगळे एकदम उमटते, एक गेल्यावर दुसरे येणारे चित्रही. पालकांना किंवा विद्यार्थ्यांना प्रत द्यायची असेल तर एकाच जागी चित्रे रचू नका. स्लाइडची प्रत करून प्रत्येक टप्पा स्वतंत्र स्लाइडवर ठेवा. समोरच्याला फरक कळत नाही, आणि छापलेली प्रतही वाचता येते. स्लाइडची संख्या वाढते म्हणून लोक कचरतात. वाढू द्या, संख्येला कोणी मोजत नाही.

१६. ऑनलाइन तासाला अ‍ॅनिमेशन अडखळते.

स्क्रीन शेअर करताना चित्रे सेकंदाला थोडीच जातात आणि पावसात नेट मंदावले की आणखी कमी. झूममध्ये शेअर करताना ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’वर खूण केल्याने थोडा फरक पडतो. पण ऑनलाइनला सरकणारे काहीच न ठेवता नुसते ‘अपिअर’ वापरावे. ते तुटू शकतच नाही.

१७. उत्सवात मंडपाच्या बाजूला टीव्हीवर स्लाइड आपोआप फिरत ठेवायच्या आहेत.

सगळी ‘ऑन क्लिक’ अ‍ॅनिमेशन्स ‘आफ्टर प्रीव्हियस’ करा. ‘ट्रान्झिशन्स’ टॅबमध्ये ‘आफ्टर’वर खूण करून सेकंद द्या आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबा. मग ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘ब्राउझ्ड अ‍ॅट अ किऑस्क’ निवडा. शेवटानंतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि कोणाचा हात माउसला लागला तरी पुढे जात नाही. लॅपटॉपची झोप बंद करायला विसरू नका. मजकुराच्या स्लाइडला निदान दहा-बारा सेकंद ठेवा, वयस्कर माणसे उभी राहून वाचत असतात.

१८. अ‍ॅनिमेशनचा कोणाला त्रास होऊ शकतो का?

होतो, आणि हे हलके घेऊ नका. जोरात लखलखणाऱ्या चित्रांनी काही जणांना फेफरे येऊ शकते. वेबसाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये असे स्पष्ट आहे, तोच नियम स्लाइडला लावा. सतत गोल फिरणाऱ्या गोष्टींनी काहींना चक्कर येते. ‘रिपीट अनटिल एंड ऑफ स्लाइड’ ठेवलेले चित्र तर एकाग्रतेची अडचण असलेल्या मुलाला बोलणे ऐकूच देत नाही.

१९. दुसऱ्याची फाइल मिळाली आहे, तीत अ‍ॅनिमेशनचा नुसता मारा आहे. एकेक काढत बसू?

गरज नाही. ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘शो विदाउट अ‍ॅनिमेशन’वर खूण केली की सगळी थांबतात आणि फाइलमध्ये तशीच राहतात. कायमची काढायची असतील तर एकेका स्लाइडवर कंट्रोल आणि ए दाबून ‘नन’ निवडा. इतके करूनही काही उडतच राहिले तर ते ‘स्लाइड मास्टर’मध्ये, म्हणजे स्लाइडच्या मूळ साच्यात, दडलेले असते, ‘व्ह्यू’ टॅबमधून तिथे जाऊन काढा.

२०. मधेच कोणी मागचे विचारले की मागे जाताना सगळी अ‍ॅनिमेशन्स पुन्हा बघावी लागतात का?

मागच्या बाणाने गेलात तर आधी या स्लाइडवरचे एकेक उलटे निघत जाते. त्यापेक्षा स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबा, थेट पोहोचाल. पण असे उडी मारून गेलात की ती स्लाइड पहिल्या क्लिकपासून सुरू होते, अर्धी रिकामी. पूर्ण भरलेली हवी असेल तर तिच्या पुढच्या स्लाइडचा आकडा टाका आणि एकदा मागे या. स्लाइडचे आकडे लिहिलेला चिठोरा मी टेबलावर ठेवते. चर्चा सुरू झाली आणि पडद्याची गरज उरली नाही, तर बी दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा बी दाबला की जिथे होता तिथेच परत.